गृहकर्जाला जामीनदार लागतो तेव्हा

जामीन राहणे हा आपल्याकडे व्यवहार समजला जात नाही, तो नात्याचा भाग समजला जातो. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या पट्ट्यातील जुन्या मराठी घरांत तर ‘नाही’ म्हणणे अवघडच. शाळेतील गुरुजी, तहसील कचेरीतील कारकून, असा पक्का पगार किंवा पेन्शन असलेला माणूस घरात असला की सोयरेधायरे कागद घेऊन येतात. चहा होतो, सही होते. कागद कानडीत किंवा इंग्रजीत असतो. तो वाचून पाहणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, असा आपला समज. बँकेच्या नोकरीत अशा सह्या वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

घराच्या कर्जाला जामीनदार लागतोच, असे नाही. नियमित पगार, चांगला सिबिल, निर्वेध मालकी आणि उत्पन्नाला झेपेल असा हप्ता असेल, तर घर तारण घेऊन बहुतेक बँका जामीनदाराशिवाय कर्ज मंजूर करतात. यात कुठे तरी उणीव असते तेव्हा जामीनदार मागितला जातो. अर्जदाराचे दुकान चांगले चालते, पण आयकराचे विवरणपत्र भरलेले नाही. शेतीचे उत्पन्न आहे, कागदावर नाही. निवृत्तीला पाच-सात वर्षे उरली आहेत. पूर्वीचे एखादे कर्ज थकले होते. किंवा मुलगा पुण्याला नोकरीत आणि घर बांधायचे गावी, वडिलांच्या नावावरील जागेत. या शेवटच्या प्रकारात जागेचे मालक म्हणून वडिलांनाच सहकर्जदार वा जामीनदार म्हणून सही करावी लागते. हप्ता मुलाचा, पणाला लागते ते वडिलांचे छप्पर. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांची रीत निराळी. तेथे बहुधा दोन जामीनदारांशिवाय अर्जच पुढे सरकत नाही.

आपल्या जुन्या घराण्यांची खरी अडचण मात्र उत्पन्नाची नाही, कागदांची आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या अमलाखाली होतो, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. निजामाच्या कारभाराची भाषा उर्दू. त्यामुळे पणजोबांच्या वाड्याचा बैनामा उर्दूत, त्याआधीचा एखादा कागद मोडीत आणि आजची पहाणी व खाता कानडीत, असा तिरंगी संच घरोघरी सापडतो. तिन्ही वाचणारा माणूस घरात एकही नाही. वाटणी तोंडी झालेली, नाव अजून आजोबांचे, बहिणींचे हक्कसोडपत्र नाही. गावठाणातील घर असेल तर ग्रामपंचायतीचा ‘ई-स्वत्तू’चा नमुना ९ आणि ११ काढलेला नसतो. बँकेचा वकील हे पाहून मान हलवतो. मग कोणी तरी सुचवतो, ‘एखादा वजनदार जामीनदार आणा, बघू.’

हा सल्ला घातक आहे. जामीनदाराच्या सहीने मालकीतील दोष दुरुस्त होत नाही. तारण कमजोर असल्याने कर्ज थकले की वसुलीचा रोख उलट त्याच्याकडेच वळतो.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी कर्जदाराला धरा, मग माझ्याकडे या,’ असे त्याला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या खटल्यात १९६८ सालीच हे स्पष्ट केले आहे. शिवाय ते कर्ज जामीनदाराच्या सिबिल अहवालात दिसते. उद्या स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी तो कर्ज मागू लागला, तर परक्याचा थकलेला हप्ता आडवा येतो. कायद्याने त्याला हक्कही दिले आहेत. संपूर्ण रक्कम भरल्यास कलम १४० आणि १४१ प्रमाणे बँकेचे हक्क आणि तारण त्याच्याकडे येते. त्याला न विचारता बँकेने कराराच्या अटी बदलल्या, तर पुढच्या व्यवहारापुरता तो कलम १३३ ने सुटतो. पण जामिनाच्या छापील नमुन्यात हे हक्क सोडून दिल्याची ओळ बहुधा आधीच असते. ती बारीक अक्षरात असते आणि ती मराठीत नसते.

इथे आपल्या संघटनेचा संबंध येतो. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने, १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या ठळक अटींचे पत्रक, सक्तीचे केले. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्याला समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असा आदेश आहे. सरकारी, ग्रामीण, नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती, या सर्व बँकांना तो लागू झाला. म्हणजे बीदर-कलबुर्गीच्या मराठी माणसाला मराठीत पत्रक मागता येते. आपण किती जणांनी मागितले? आदेशात उणीव एवढीच की तो कर्जदारापुरता आहे. ज्याचे घर आणि पेन्शन पणाला लागते, त्या जामीनदाराला असे पत्रक देण्याचे बंधन त्यात नाही. सौहार्द संस्था तर त्या आदेशाबाहेरच आहेत.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नोव्हेंबर २०२० मध्ये, बसवकल्याणची पोटनिवडणूक डोळ्यांपुढे असताना, ५० कोटींच्या मराठा विकास मंडळाची घोषणा झाली, तेव्हा आपल्याकडे सत्कारांची रीघ लागली. तेवढ्याच उत्साहाने एक शिष्टमंडळ दोन्ही जिल्ह्यांच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे न्यायला काय हरकत आहे? मागणी दोनच ओळींची : ठळक अटींचे पत्रक मराठीतही मिळावे आणि त्याची एक प्रत जामीनदारालाही द्यावी. त्यासोबत तालुक्याच्या गावी महिन्यातून एक दिवस उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार बसवावेत आणि जुने बैनामे वाचून त्यांचा गोषवारा लिहून द्यावा. बीदरच्या जुन्या मोहल्ल्यांत अस्खलित उर्दू वाचणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांना मानाने बोलवावे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी माझी विनंती आहे.