हळदीकुंकू आणि सांजवेळ

नांदेडजवळच्या विष्णुपुरी जलाशयावर हिवाळ्यातल्या सांजवेळी पाणपक्षी टिपायचे, तेही स्लाइड फिल्मवर, हा आमचा जुना नाद. कॅमेऱ्यात वेल्विया असे. तिचा आयएसओ अवघा ५०. भर उन्हात ५.६ ॲपर्चरला १/४०० सेकंद पुरे. सूर्य टेकला की तेथेच १/१२ लागे, आणि तेवढ्यात बदक लाटेबरोबर हललेले असे. फिल्म पुश करून धुवावी, तर कॉन्ट्रास्ट वाढून छाया आणखी काळ्या होत. अर्ध्या स्टॉपची चूकही स्लाइड पोटात घालीत नसे.

आजचे डिजिटल कॅमेरे १२,८०० आयएसओ सहज देतात. म्हणजे वेल्वियाहून आठ स्टॉप अधिक. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती सांजेची दुपार करून टाकण्याच्या हव्यासाबद्दल.

हळदीकुंकू बदकाचेच पाहा. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी तांबडे ठिपके. मराठीने त्यावरूनच त्याचे नाव ठेवले. उजेड ओसरू लागला की माणसाच्या डोळ्याला तांबडा रंग आधी काळवंडलेला दिसतो. १९व्या शतकात पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने हे नोंदवून ठेवले. काठावर बसलेल्या आम्हाला आधी कुंकू दिसेनासे होते, हळद मागून जाते. कॅमेऱ्यावर हे बंधन नाही. मग खरे चित्र कोणते? पक्षी ओळखण्यासाठी कुंकू दिसलेच पाहिजे, हे मान्य. परंतु ज्या चित्राला आपण ‘सांज’ म्हणतो, त्यात त्याचे मावळणेही उरले पाहिजे. चक्रवाकाची जोडी रात्री दुरावते, हा कविसंकेत आपल्या साहित्याने शतकानुशतके जपला. सांजच पुसून टाकली तर त्या विरहाला अर्थ काय राहिला?

हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पाणपक्ष्यांचे छायाचित्र ही पाण्याचीही साक्ष असते: कोणत्या महिन्यात, कोणत्या काठापर्यंत ते होते याची. स्लाइड म्हणजे कॅमेऱ्यातून गेलेली मूळ फिल्मच. प्रकाशपेटीवर ठेवली की त्या घटकेचा उजेड, बरावाईट, जसा पडला तसा समोर येतो. संगणकावर उजळलेल्या चित्रात ती घटका शोधावी लागते.

फिल्मकडे परत चला, असे आम्ही म्हणत नाही. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९मध्ये थांबले. एक्टाक्रोम २०१८मध्ये परतली खरी, पण रोज वापरावी इतकी फिल्म स्वस्त नाही. आमचे मागणे लहान आहे. मूळ फाइल जपा, तिच्यासोबत जागा, तारीख आणि वेळ लिहा. आणि चित्र उजळताना हात जरा आवरा. दिसले नाही ते दिसले नाही, असे सांगणारे चित्रही खोटे नसते.