बापाचा पाव हिस्सा

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'मालमत्तेचं नियोजन' या विषयावर एका सल्लागारांचं व्याख्यान झालं. बटाटेवडे बरे होते. प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं, "मुलींना काही द्यायचं नसेल, तर मृत्युपत्रात कसं लिहायचं?" सल्लागारांचं उत्तर तयारच होतं. "मुलींची नावं घालायची आणि 'त्यांना लग्नात भरपूर दिलं आहे' असं एक वाक्य टाकायचं. म्हणजे त्यांना विसरलात असं उद्या कोर्टात कुणी म्हणायला नको." दोन-चार जणांनी ते वाक्य लिहूनही घेतलं.

नॉमिनीचं पुराण आज लावत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, यावर अजूनही ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी 'कालनिर्णय'कार जयंतराव साळगावकरांच्या गुंतवणुकीवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या खटल्याचा डिसेंबर २०२३ चा निकाल वाचावा. त्यांचं मृत्युपत्र होतं, तरी म्युच्युअल फंडांच्या नॉमिनींनी मालकी सांगितलीच, आणि ती कोर्टानं मानली नाही. आता बँकेच्या ठेवीला चार-चार नॉमिनी लावता येतात. म्हणजे गैरसमजही चौघांत वाटून घेता येईल.

मृत्युपत्र करा, असं सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण ते लिहिणाऱ्याच्या हाती सत्ता किती असावी, हे कुणी विचारत नाही. ते बघायचं तर बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात जावं.

नाक्याच्या अलीकडचा एक हिंदू बाप घ्या. स्वतःच्या कमाईचं घर आणि काजूची बाग, धरा एक कोटीची. घरात बायको, एक मुलगा, दोन मुली. आई हयात नाही. काही न लिहिता गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं चौघांना पंचवीस-पंचवीस लाख. पण साध्या कागदावर चार ओळी लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली, की सगळी कोटीची मिळकत मुलाच्या नावे करता येते. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. बायकोसाठी 'मुलाने आईचा सांभाळ करावा' एवढी ओळ पुरते; मुलानं नाही सांभाळलं, तर तिनं पोटगी मागत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात.

आता तीच बाग पेडण्यात न्या. लग्नाआधी नवरा-बायकोनं वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्यानं त्यांची मिळकत दोघांची, निम्मी-निम्मी. पन्नास लाख मुळातच बायकोचे. ते तिला वारसानं मिळत नाहीत, तिचेच असतात, आणि नवरा जिवंत असतानाही तिच्या सहीशिवाय त्याला घर विकता येत नाही. उरले बापाचे पन्नास. त्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी सारखेच. तिथे मृत्युपत्राला शिरकाव नाही. बापाच्या मर्जीला शिल्लक राहतात पंचवीस लाख. तेवढ्यात त्यानं लाडक्याचे लाड करावेत, नाहीतर देवस्थानाला द्यावेत. हयातीत बक्षीसपत्र करून पळवाट काढू म्हणाल, तर वाटणीच्या वेळी मुलाला दिलेलंही हिशेबात धरलं जातं. अपत्याला बेदखल करायचं, तर कायद्यानं ठरवून दिलेलं कारण लागतं आणि ते सिद्ध व्हावं लागतं. 'लग्नात भरपूर दिलं' हे त्यात बसत नाही.

मूळ कायदा १८६७ चा, पोर्तुगिजांचा. वारसाहक्कापुरती त्याची जागा गोव्यानं २०१२ च्या स्वतःच्या कायद्यानं घेतली, पण राखीव अर्धा तसाच ठेवला. आपल्याकडेही मुसलमान बापाला एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्रानं देता येत नाही. आमच्या हिंदू बापाला मात्र सगळी मोकळीक, आणि ती तो कशासाठी वापरतो, हे हॉलमध्ये दिसलं. आकडेवारी माझ्याकडे नाही. पण मुलाला वगळून सगळं मुलींना दिल्याचं मृत्युपत्र कुणी पाहिलं असेल, तर मला जरूर कळवा. पोस्टकार्ड पुरेल.

गोव्यात सगळं गोड आहे असं नाही. तिथल्या इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांमधल्या वाटणीच्या, दाव्यात वर्षं जातात. एक वारस लिस्बनला, दुसरा लंडनला, तिसरा मुंबईत. प्रत्येकाची सही मिळेपर्यंत घराची कौलं खाली येतात. कुलूपबंद जुने वाडे बघायला पर्यटकांना आवडतात, त्यातल्या कित्येकांमागे हीच रखडलेली वाटणी आहे. आणि बहिणींकडून हक्क सोडून घ्यायची कला तिथल्या भावांनाही अवगत आहे. पण त्यासाठी बहिणीला निदान विचारावं लागतं. तिची सही लागते, म्हणजे ती 'नाही' म्हणू शकते. आपल्याकडेही हक्कसोडपत्राला तिची सही लागतेच. भाऊबीजेच्या ओवाळणीनंतर तलाठ्याकडे आणि निबंधकाकडे होणाऱ्या फेऱ्यांवर मी इथे अनेकदा चिडलो आहे. मृत्युपत्रानं तर ती फेरीसुद्धा वाचते.

दिल्लीनं काही करावं म्हणून थांबायचं कारण नाही. वारसाहक्क समवर्ती सूचीत आहे, राज्याला राष्ट्रपतींच्या संमतीनं दुरुस्ती करता येते. महाराष्ट्रानं ती केलीही आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आपण १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये. आपल्या दुरुस्तीत तोवर लग्न झालेल्या मुली मात्र वगळल्या होत्या. त्यांना बहुधा लग्नात भरपूर दिलं होतं.

पत्नी आणि मुलांसाठी अर्धा हिस्सा मृत्युपत्राच्या आवाक्याबाहेर ठेवा, एवढी एका ओळीची दुरुस्ती कुणा आमदारानं अशासकीय विधेयक म्हणून मांडावी. माझ्याकडची कात्रणं मी फुकट देईन. फक्त आधी त्यांनी आपल्या घरचा सातबारा दाखवावा, आणि त्यावर बहिणींची नावं आहेत का ते मला बघू द्यावं.