रात्रपाळी आणि हृदय

दिल्लीहून मथुरेच्या मार्गाला लागले की थोड्याच वेळात फरीदाबाद येते. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ च्या सुमारास येथे नवे नगर वसविण्यास आरंभ झाला. त्या भागाला आजही लोक ‘एन. आय. टी.’, म्हणजे नवी औद्योगिक वसाहत, असेच म्हणतात. कारखाने आले, त्यांच्या मागोमाग पाळ्याही आल्या. उजाडता उजाडता कामावरून घरी परतणाऱ्या माणसांच्या झोपेचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही.

निद्रा म्हणजे केवळ श्रमपरिहार, अशी आपली समजूत असते. हृदयाला तर पूर्ण विश्रांती अशी कधीच नसते. त्याला मिळते ती एवढीच सवलत, की गाढ झोपेत नाडी मंदावते आणि रक्तदाब दिवसाच्या मानाने सुमारे एकदशांश ते एकपंचमांश खाली येतो. ज्यांचा रक्तदाब रात्री असा उतरत नाही, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण अधिक आढळते.

आता रात्रपाळीच्या कामगाराकडे पाहा. मेंदूतील एक लहानसे केंद्र डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून शरीराचे घड्याळ लावीत असते. हे घड्याळ पेशींत कसे चालते, याचा फळमाशीवर शोध घेणाऱ्या हॉल, रोसबॅश व यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा कामगार सकाळी आठ वाजता अंथरुणावर पडतो, त्या वेळी त्याचे घड्याळ रक्तदाब चढवून देहाला जागे करण्याच्या उद्योगात असते! त्यात ऊन, भाजीवाल्यांच्या आरोळ्या, मुलांची शाळेची धांदल. झोप येते ती तुटक आणि अपुरी. वर्षानुवर्षे पाळीत काम करणाऱ्यांत हृदयविकार अधिक दिसतो; मात्र तंबाखू व अवेळी जेवण यांचाही त्यात वाटा असतो, सारा दोष जागरणावरच टाकणे न्यायाचे नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्याने मध्यरात्रीपलीकडे जाणाऱ्या पाळीतील कामगाराची साप्ताहिक सुटी पाळी सुटल्यापासून सलग २४ तास मोजावी, असे ठरविले होते. तरतूद समंजस खरी. पण त्या चोवीस तासांतले किती तास बँक, शिधा आणि पाहुणे यांत जातात, हे कोणत्या कायद्याने मोजावे?

घरच्या मंडळींना बरेच करता येईल. दिवसा झोपणाऱ्याच्या खोलीस जाड, गडद पडदा लावावा. त्याच्या झोपेच्या वेळी निरोप व कामे सांगू नयेत. त्याने स्वतः पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा. प्रौढांनी सात ते नऊ तास झोपावे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. २०२२ साली तिने हृदयाच्या आरोग्याच्या कसोट्यांत निद्रेचा समावेश केला.

घोरण्याविषयीही लिहिले पाहिजे. काहींचा श्वास झोपेत वारंवार थांबतो. यासाठी कोशात भारदस्त शब्द सापडतील, पण बायाबापड्या ‘झोपेत श्वास अडकतो’ म्हणतात तेच मला अधिक नेमके वाटते. श्वास अडकला की रक्तातील प्राणवायू घटतो, देह दचकतो आणि रक्तदाब उसळतो. एका रात्रीत असे शेकडो वेळा घडू शकते. औषध घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांना हे अवश्य सांगावे. झोपणाऱ्याला स्वतःला याचा पत्ता नसतो, म्हणून दवाखान्यात जाताना पत्नीने किंवा पतीने सोबत जावे.