न्यायाधिकरणालाच कायदा लागू नाही!

अपंग कर्मचाऱ्यासाठी कामाच्या ठिकाणी वाजवी फेरबदल केले की नाही, याचा जाब मालकाला एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलसमोर द्यावा लागतो. ही ब्रिटनमधील रीत. मात्र त्याच कर्मचाऱ्याचा दावा चालवताना असे फेरबदल करण्याचे बंधन २०१० च्या समानता कायद्याने खुद्द न्यायाधिकरणावर घातलेले नाही. न्यायदानाचे कार्य त्यातून वगळले आहे. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्यासाठी हे आवश्यक, असा बचाव करता येईल. पण विसंगती लपत नाही.

अर्थात न्यायाधिकरणाचे हात मोकळे नाहीत. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे आणि दोन्ही पक्षांना शक्यतो समान पातळीवर आणावे, असे कार्यपद्धतीचे नियमही सांगतात. दाव्याच्या अर्जातच अपंगत्व व हवे ते साह्य यांची विचारणा होते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार, सांकेतिक भाषेचा दुभाषी या गोष्टी तुलनेने सोप्या. खरी अडचण येते ती न दिसणाऱ्या अपंगत्वाची. एकात एक गुंतवलेल्या प्रश्नांनी उलटतपासणी झाली, तर स्वमग्न वादी गोंधळतो आणि तो गोंधळ खोटेपणा वाटू शकतो. उत्तर आयर्लंडच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये अ‍ॅस्पर्जर असलेल्या एका कामगाराविरुद्धचा निकाल, सुनावणी न्याय्य झाली नाही म्हणून, रद्द केला. कोणते प्रश्न, कसे आणि किती वेळ विचारायचे, हे आधीच ठरवणारी पूर्वसुनावणी घेण्याचा विचार व्हायला हवा होता, हा त्यातील मुद्दा.

२०१९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या अपील न्यायालयाने मानसिक आजार असलेल्या एका अपीलकर्त्याचा सुमारे तासाभराचा विलंब माफ केला. आजारामुळेच मुदत हुकली का, हे तपासा, असे बजावले. त्याच वर्षी मात्र दुसऱ्या प्रकरणात, पक्षकाराला वकील असेल तर सोयींची मागणी त्याने करावी अशी अपेक्षा न्यायाधिकरण ठेवू शकते, असे त्याच न्यायालयाने म्हटले. वकील असेल तर! इंग्लंडमध्ये अशा सुनावणीतील वकिलासाठी सरकारी मदत सहसा मिळत नाही. मग नैराश्याने ग्रासलेल्या एकाकी वादीने आपल्याला काय हवे, हे स्वतःच ओळखून मागायचे.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १२ न्यायालये व न्यायाधिकरणांपर्यंत भेदभावाविना पोहोचता यावे, ही जबाबदारी थेट सरकारवर टाकते. कागदावर आपण पुढे आहोत. कामगार न्यायालयाच्या जिन्यापाशी काय होते, हा प्रश्न वेगळा.