अंतर भूगोलाचे आणि राजकारणाचे

दोन शहरांमधील अंतर ही भूगोलाची बाब आहे, असे आपण शाळेत शिकतो. अंतराला वेगाने भागले की प्रवासाचा वेळ मिळतो, हे गणितही सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु हेलसिंकी आणि टोकियो या दोन राजधान्यांचा अनुभव निराळेच काही सांगतो. पृथ्वीच्या गोलावर त्यांच्यातील सर्वांत जवळची हवाई वाट सुमारे ७,८०० किलोमीटरची आहे आणि ती बहुतांशी रशियावरून जाते. सारा प्रश्न येथेच निर्माण होतो.

१९८३ साली फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीने टोकियोला न थांबता जाणारी सेवा सुरू केली. सोव्हिएत आकाश वर्ज्य असल्याने तिची डीसी-१० विमाने उत्तर ध्रुवावरून आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून वळसा घेत. प्रवासास सुमारे तेरा तास लागत. पुढे सायबेरियाचे आकाश खुले झाले आणि हाच प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. युरोप आणि आशिया यांना जोडणारे जवळचे ठाणे म्हणून हेलसिंकीचा विमानतळ भरभराटीस आला.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही तसेच प्रत्युत्तर दिले. विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली, किंवा दक्षिणेकडून मध्य आशियाचा फेरा घेऊ लागली. प्रवास पुन्हा तेरा तासांच्या घरात गेला. जुन्या डीसी-१० ची जागा अद्ययावत ए-३५० ने घेतली होती. तरीही प्रवासी वेळेच्या हिशेबाने १९८३ सालातच जाऊन पोहोचला. चार दशकांच्या यंत्रविद्येने कमावलेले एका आठवड्यातील राजकारणाने गमावले.

१९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशाचे संपूर्ण स्वामित्व दिले. त्यामुळे आज अंतर विमानाच्या राष्ट्रीयत्वावरही अवलंबून असते. चिनी विमाने रशियावरून सरळ युरोपास जातात, युरोपीय विमाने वळसा घालतात.

आपल्यालाही याची झळ लागली आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले आणि भारतानेही तेच केले. जेमतेम सोळाशे किलोमीटरवरील ताश्कंदची दिल्लीहून जाणारी सेवा एका भारतीय कंपनीला स्थगित करावी लागली. फेरा घालून तेथवर जाणे तिच्या विमानांच्या पल्ल्याबाहेरचे होते. पश्चिमेकडील लांबच्या उड्डाणांचेही तास वाढले.

आकाशावरील राष्ट्राचा हक्क कोणी नाकारणार नाही. आक्रमकाला धडा शिकवण्याचे ते एक साधनही आहे. परंतु त्याची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. ज्यांनी युद्धाचा निर्णय घेतला त्यांचे तिकीट महागत नाही. वाढलेले इंधन आणि वाढलेले तास पडतात ते शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या आणि वर्षातून एकदा घरी येणाऱ्या नोकरदाराच्या माथी. विमानाचा वेग वाढवणे अभियंत्यांच्या हाती आहे. वाट सरळ ठेवणे मात्र शेजाऱ्यांच्या सलोख्यावरच अवलंबून राहणार.