जनुकसंपादित भाताची खरी कसोटी शेतातच

विशेष प्रतिनिधी

केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ४ मे २०२५ रोजी जनुकसंपादनातून निर्माण झालेले भाताचे दोन वाण जाहीर केले. पहिला, हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने ‘सांबा महसुरी’पासून तयार केलेला ‘कमला’. दुसरा, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’. ‘कमला’ मूळ वाणापेक्षा सुमारे १९ टक्के अधिक उत्पादन देतो आणि २० दिवस आधी कापणीस येतो, असा दावा आहे. त्याची शिफारस झालेल्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश असल्याने हा प्रश्न आपल्याही शेतकऱ्यांचा आहे.

या वाणांत नेमके काय बदलले? भाताच्या लोंबीत किती दाणे धरतील, हे सायटोकायनिन या संप्रेरकावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. ‘सीकेएक्स २’ हे जनुक या संप्रेरकाचे विघटन करणारे विकर बनवते. ‘कमला’मध्ये ते निकामी करण्यात आले. संप्रेरक टिकून राहते आणि दाणे वाढतात. दुसऱ्या वाणात ‘डीएसटी’ या नियंत्रक जनुकात बदल केला आहे. ते इतर जनुकांची अभिव्यक्ती कमी-अधिक करते. ‘सीकेएक्स २’ हे त्यांपैकीच एक. दुष्काळ व क्षार सोसण्याची क्षमताही त्याच्याशी निगडित आहे. थोडक्यात, एका नियंत्रकाला हात लावला की त्याच्या हाताखालची अनेक जनुके हलतात.

यातील लाभ आणि धोका मक्याच्या इतिहासात दिसतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ‘ओपेक-२’ या उत्परिवर्तनाचे महत्त्व जगासमोर आणले. हे जनुकही नियंत्रकच. ते बिघडले की दाण्यातील झीन या प्रथिनाची निर्मिती घटते आणि लायसीन या आवश्यक अमिनो आम्लाचे प्रमाण जवळपास दुप्पट होते. कुपोषणावर उतारा सापडल्याची भावना निर्माण झाली. भारतानेही १९७१ मध्ये ‘शक्ती’, ‘रतन’ व ‘प्रोटिना’ हे वाण प्रसारित केले. परंतु त्याच बदलाने दाणा मऊ व पिठूळ झाला, उत्पादन घटले, साठवणीत कीड वाढली. शेतकऱ्यांनी पाठ फिरवली. हा दोष दूर करण्यासाठी सुरिंदर वासल आणि इव्हांजेलिना विलेगास यांना मेक्सिकोत दीर्घकाळ परिश्रम करावे लागले. त्याबद्दल त्यांना २००० मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

परके जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना केंद्राने मार्च २०२२ मध्ये जैवसुरक्षेच्या कठोर नियमांतून सूट दिली. असे उत्परिवर्तन निसर्गातही घडू शकते, हा युक्तिवाद चुकीचा नाही. मात्र तो बदलाच्या उगमाविषयी बोलतो, परिणामाविषयी नव्हे. ‘ओपेक-२’ तर पूर्णतः नैसर्गिकच होते.

२०२५ च्या ऑक्टोबरात जीएम-विरोधी संघटनांनी या वाणांच्या चाचण्यांतील आकड्यांवर आक्षेप घेतला. भारतीय कृषी संशोधन परिषदेने तो फेटाळला. हा वाद पत्रकबाजीने मिटणारा नाही. प्रत्येक केंद्राची, प्रत्येक हंगामाची आकडेवारी स्वतंत्र तज्ज्ञांसमोर खुली करणे हाच त्यावरचा मार्ग आहे. प्रयोगशाळेतील यश निर्विवाद असले, तरी बियाण्याची किंमत मोजणाऱ्याला ते आपल्या शिवारात दिसले पाहिजे.