माळ्यावरची हवा कोणासाठी?

कोकणातील एखाद्या जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर भर दुपारी चढून पाहा. आढ्याजवळ डोके नेले की गरम हवेची झळ लागते; वळचणीकडे सरकले की बाहेरची झुळूक जाणवते. तापलेली हवा हलकी होऊन कौलांच्या फटींतून वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला वळचणीतून नवी हवा आत शिरते.

हल्ली मात्र थेट वाशांना टेकवून प्लायवूडचे किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांचे छत ठोकण्याची पद्धत पडली आहे. वळचणही सिमेंटने लिंपून टाकतात. कचरा पडत नाही, पाली येत नाहीत, खोली नेटकी दिसते. हे सारे खरे. तरीही माझे मत असे की, अशा छताने घराचे आयुष्य घटते.

याचे कारण विचारले तर बहुतेक जण सांगतील की, हवा कोंडल्याने कौले तापतात आणि लवकर खराब होतात. पण भट्टीत भाजून निघालेल्या कौलाला उन्हाची ती काय मातब्बरी! अमेरिकेत छपरावर डांबरी पत्र्यासारखे तुकडे बसवतात, त्यांना शिंगल म्हणतात. माळ्यावर हवा खेळती ठेवली की शिंगल जास्त टिकतात, असा तिकडेही समज आहे. फ्लॉरिडा आणि इलिनॉय येथे प्रत्यक्ष तापमान मोजले, तेव्हा हवा खेळती असल्याने शिंगलच्या तापमानात थोड्याच अंशांचा फरक पडलेला दिसला. शिंगलचा रंग काळा की पांढरा, याचा परिणाम त्याहून मोठा होता. माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/३०० इतकी जागा झरोक्यांसाठी मोकळी ठेवावी, हा तिकडचा नियम १९४२ सालचा. तो केला गेला तो बाष्पासाठी, शिंगलसाठी नव्हे!

आपल्याकडेही खरा प्रश्न बाष्पाचाच आहे, आणि तो भोगावा लागतो वाशांना व रिपांना. ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते. २५ अंशांना हेच प्रमाण सुमारे २३ ग्रॅमवर येते. पावसाळ्याच्या आसपास रात्री आकाश निरभ्र झाले की छप्पर उष्णता बाहेर टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. मग स्वयंपाकघरातून आणि माणसांच्या श्वासातून वर आलेले बाष्प तेथे पाणी होऊन बसते. त्यात एखादे कौल फुटून गळत असेल तर विचारायलाच नको. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी राहिले तर कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही. ते ३० टक्क्यांच्या आसपास जाऊन तसेच टिकले की बुरशीचे फावते. घर फिरले की वासे फिरतात म्हणतात. येथे आधी वासेच फिरतात, आणि छताआड असल्यामुळे ते कोणाला दिसतही नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. जुलैत बाहेरची हवाच ओलीचिंब असते, ती लाकूड काय वाळवणार? ९० टक्के सापेक्ष आर्द्रतेत लाकूड शेवटी २० टक्क्यांच्या आसपासच स्थिरावते, म्हणजे अगदी काठावर. पण गळतीने भिजलेले लाकूड तेवढ्यावर उतरणे हीसुद्धा मोठीच गोष्ट आहे, आणि पुढे उघडीप मिळताच ते आणखी वाळते. कोंडलेल्या लाकडाला उघडीप कुठली मिळणार?

छत हवेच असेल तर ते वाशांपासून वीतभर खाली घ्यावे, वळचणीला सिमेंटऐवजी बारीक जाळी लावावी आणि आढ्यापाशी हवेला वाट ठेवावी. वासे तपासण्यासाठी एखादी फळी काढता येईल अशी बसवावी.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. येत्या पावसाळ्यात स्वतः करून पाहा. एकाच रिपेचे दोन सारखे तुकडे कापा, वजन करा आणि दोन दिवस पाण्यात बुडवा. मग एक झाकणबंद डब्यात आणि दुसरा पावसाचे पाणी लागणार नाही अशा बेताने वळचणीखाली टांगून ठेवा. दर रविवारी वाण्याच्या तराजूवर दोन्हींचे वजन करून वहीत नोंदवा. ऑगस्टअखेर डबा उघडाल, तेव्हा वजनाबरोबर वासही नोंदवून ठेवा.